गणिताची वही कोरी का?

जुलैच्या पालकसभेत एक रिक्षावाले दादा पाचवीतल्या मुलाची गणिताची वही घेऊन माझ्यासमोर बसले. वही उघडून त्यांनी एकामागून एक तीन पानांवर बोट ठेवलं. पहिल्या पानावर तारीख आणि गोलांची गिचमीड. दुसऱ्यावर नुसती तारीख. तिसऱ्यावर एकच ओळ: ‘एक भाकरी कमी, पण कोणाला जास्त कमी?’

‘‘बाई, तीन दिवस गणिताचा तास झालाच नाही का?’’

विचारण्यात राग नव्हता, काळजी होती. शेजारचा मुलगा शिकवणीला जातो, त्याच्या वहीत त्याच तीन दिवसांत अपूर्णांकांची चाळीसेक उदाहरणं झाली होती, हेही त्यांनी सांगितलं. तास रोज झाला होता. पण मागे पालकांची रांग, समोर हजेरीपट. मी पाच मिनिटांत काहीतरी गडबडीने सांगितलं आणि ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. म्हणून आता निवांत सांगते. मी नवी मुंबईत घणसोलीला मराठी माध्यमाच्या वर्गांना गणित शिकवते, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येते, आणि ‘सर्जनशील गणित’, ‘आनंददायी गणित’ असे शब्द प्रशिक्षणात इतक्यांदा ऐकले आहेत की आता त्यांचा कंटाळा येतो. त्यामुळे ते शब्द बाजूला ठेवून त्या तीन दिवसांत काय झालं तेवढंच आधी सांगते.

पहिल्या दिवशी मी रद्दी वर्तमानपत्रांच्या गोल कापलेल्या भाकऱ्या नेल्या. वर्गात छप्पन्न मुलं, चौघांचा एक असे चौदा गट. प्रत्येक गटाला तीन भाकऱ्या आणि एक अट: चौघांना अगदी सारखी वाटणी झाली पाहिजे आणि तुकडा उरता कामा नये. अपूर्णांक हा शब्द काढला नाही. अंश नाही, छेद नाही, फळ्यावर काही नाही.

एका गटाने तिन्ही भाकऱ्यांचे चार-चार तुकडे केले. बारा तुकडे, माणशी तीन. दुसऱ्या गटाने दोन भाकऱ्या मधोमध कापून प्रत्येकाला अर्धी दिली, मग राहिलेलीचे चार केले. माणशी अर्धी आणि वर पाव. आणि खिडकीजवळच्या गटातल्या एका मुलीने कात्री जवळजवळ चालवलीच नाही. तिने प्रत्येक भाकरीतून एक पाव तुकडा काढला आणि ते तिन्ही तुकडे चौथ्याच्या हातात ठेवले. ‘‘आम्हाला पाऊण-पाऊण उरली, त्याला तीन पाव मिळाले. झालं!’’ ही वाटणी मला स्वतःला सुचली नव्हती.

मग अर्थातच भांडण. चौथा म्हणाला, मला तुकडे आले, ह्यांना मोठी भाकरी आली, हे सारखं कसं? तिने त्याचे तुकडे आपल्या पाऊण भाकरीवर चिकटून मांडून दाखवले. तंतोतंत बसले. तीन पाव म्हणजे पाऊण, आणि अर्धी अधिक पाव म्हणजेही पाऊण. पुस्तकात ही बेरीज बऱ्याच पानांनंतर येते, लसावि काढून. इथे ती कात्रीने झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी फक्त एक प्रश्न विचारला. एका पंगतीत चार माणसं आणि तीन भाकऱ्या, दुसऱ्या पंगतीत सहा माणसं आणि पाच भाकऱ्या. तुम्ही कुठे बसाल? निम्म्याहून अधिक वर्ग म्हणाला, कुठेही बसा, दोन्हीकडे एकच भाकरी कमी आहे. हे उत्तर चुकीचं आहे, पण फार चांगलं चुकीचं आहे. पोरांनी काहीतरी पाहिलं होतं, फक्त अर्ध्यावर थांबली होती. मी काही न बोलता उभी राहिले. (न बोलता उभं राहणं हे शिक्षकाला सगळ्यात जड जातं. वीस वर्षं झाली, अजून जड जातं.) शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘पण बाई, ती कमी पडलेली भाकरी इकडे चौघांनी सोसायची आणि तिकडे सहा जणांनी. सहा जणांत थोडी थोडीच कमी पडेल.’’

वहीतली ती ओळ तिथून आली. पाच छेद सहा हा तीन छेद चारपेक्षा मोठा, हे त्याने छेद समान न करता सिद्ध केलं होतं. तो गणिताचा हुशार मुलगा म्हणून ओळखला जात नाही.

तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर ३/४ लिहिलं. वर भाकऱ्या, खाली माणसं, मधली रेघ म्हणजे वाटणी. ह्याला अपूर्णांक म्हणतात. हे सांगायला दोन मिनिटं लागली, कारण सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. मुलांकडे गोष्ट आधी होती, तिला नाव मिळालं.

आपण सगळे अपूर्णांक शिकलो ते दुसऱ्या वाटेने. एक गोल, त्याचे चार भाग, तीन रंगवलेले, म्हणून तीन छेद चार, म्हणजे ‘चारपैकी तीन’. ह्यात खोटं काही नाही. पण ‘पैकी’ हा शब्द डोक्यात घट्ट बसतो आणि पुढे अडतो. ७/४ आलं की मूल विचारतं, चारपैकी सात कसे घ्यायचे? भाकरीवाल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. सात भाकऱ्या, चार माणसं, प्रत्येकाला एक, उरल्या तीन, त्याची पाऊण आपल्याला पाठच आहे, पावणेदोन. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या अभ्यासकांनी अपूर्णांक समान वाटणी आणि मोजमाप ह्या दोन अंगांनी मुलांपर्यंत कसा नेता येतो ह्यावर काम केलेलं आहे. त्याही आधी हॉलंडमध्ये हान्स फ्रॉयडेंथाल नावाचे गणितज्ञ हेच सांगत होते: गणित ही तयार वस्तू म्हणून मुलाच्या हातात ठेवू नका, शिक्षकाने वाट राखावी आणि मुलाने ते पुन्हा शोधावं.

आता त्या प्रसिद्ध चुकीकडे येऊ. १/२ + १/३ = २/५. पाचवी-सहावीच्या कुठल्याही वर्गात जा, ही सापडणारच. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. आम्ही लाल फुली मारतो आणि लसाविची रीत पुन्हा पाठ करून घेतो. पण मूल असं का करतं? मी एकदा विचारलं तर एका मुलीने चाचणीचा पेपर काढून दाखवला. पहिल्या प्रश्नाला ३/५, दुसऱ्याला ४/५, खाली एकूण ७/१०. अक्षर माझं, लाल पेनही माझंच. ‘‘बाई, तुम्हीच अशी बेरीज करता.’’

खरंच की. गुण लिहिताना आपण अगदी हेच करतो आणि तिथे ते बरोबर असतं, कारण पाच गुणांचा एक प्रश्न आणि पाचाचा दुसरा मिळून दहा गुणांचा मोठा अख्खा तयार होतो. भाकरीत तसं नाही. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा भाकरी, दोन्ही एकाच मापाच्या भाकरीचे तुकडे आहेत. एकत्र केले म्हणून अख्खी भाकरी मोठी होत नाही. चिन्ह एकच, कामं दोन, आणि हे आम्ही मुलांना कधी सांगितलेलंच नसतं. त्या दिवशी मी लसाविकडे वळले नाही. इतकंच विचारलं: पाच जणांत दोन भाकऱ्या वाटल्या तर माणशी अर्धी तरी येईल का? नाही येत, अर्धी यायला अडीच लागतील. म्हणजे अर्ध्या भाकरीत अजून एक तुकडा घातला आणि ती अर्ध्याहून कमी झाली? वर्ग हसला. पेपरवाली मुलगीही हसली. रीत पुढच्या आठवड्यात शिकवली, आणि ती का लागते हे ह्या वेळी त्यांना माहीत होतं.

माझं म्हणणं इथेच आहे, ते सांगून टाकते. प्रत्येक मुलाकडे दोन गणितं असतात: एक घरातलं-बाजारातलं, दुसरं वहीतलं. पहिल्यात ते सहसा शहाणं असतं. दुसऱ्यात शिरताना ते शहाणपण चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवतं. शिकवण्यातली कल्पकता म्हणजे रंगीत कागद, गाणी आणि टाळ्या असं आपण समजतो. माझ्या मते सगळी कल्पकता त्या चपला आत आणायला लावण्यात आहे.

एक विद्यार्थी संध्याकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर बसतो. किलोला अठ्ठेचाळीस रुपये असेल तर पाऊण किलोचे किती, हे तो पिशवी भरता भरता सांगतो: छत्तीस. बारा रुपये पाव, तीन पाव, छत्तीस. त्याच मुलाला चाचणीत ‘४८ चे ३/४ किती?’ असं विचारलं, तर त्याने ४ ने गुणलं, ३ ने भागलं आणि ६४ लिहिलं. पाऊण किलोला किलोपेक्षा जास्त पैसे! गाडीवर असं झालं असतं तर गिऱ्हाइकाने सोडलं नसतं, आणि त्याने स्वतः तरी असं होऊ दिलं नसतं. कागदावर त्याला ते दिसलंच नाही, कारण कागदावर भाजी नव्हती.

हे त्या एकट्याचं नाही. ब्राझीलच्या रेसिफी शहरात तेरेझिन्हा नुनिस, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लीमन ह्यांनी रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच प्रकारची आकडेमोड कागदावर उदाहरण म्हणून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. त्यांतल्या एका बारा वर्षांच्या नारळवाल्याला दहा नारळांचे किती विचारलं, एक पस्तीसला. शाळेत आपण शिकवतो, दहाने गुणायचं तर शून्य द्या. तो म्हणाला, तीनचे एकशेपाच, आणखी तीनचे दोनशेदहा, मग तीनशेपंधरा, आणि तीनशेपन्नास. त्याला तीन नारळांचा भाव रोजचा होता, त्याने तो जोडत नेला. आपल्याकडेही दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ ह्या विज्ञान-नियतकालिकात आला. बाजारातली मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडली. आणि उलटही झालं: शाळेत चांगली असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडली. ह्या दुसऱ्या अर्ध्याकडे आपण फारसं पाहत नाही. शिकवणीच्या वहीतली चाळीस उदाहरणं बरोबर आहेत म्हणजे पाऊण किलोचे पैसे सांगता येतील, अशी हमी नाही.

मराठी वर्गात तर ह्या कामाला लागणारं अर्धं सामान भाषेतच पडलेलं आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. इतके सुटसुटीत शब्द असताना आपण पाचवीत मुलाला ‘तीन चतुर्थांश’ घोकायला लावतो. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच होते. औट म्हणजे साडेतीन. मी मुलांना घरी पाठवलं, आजी-आजोबांना विचारून या म्हणून. बहुतेक हात हलवत आली, पण एकीची साताऱ्याहून आलेली पणजी होती आणि तिला पाऊणकी येत होती: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आम्ही ती फळ्यावर लिहिली आणि मग आकड्यांत लिहिली. ०.७५, १.५, २.२५, ३. दशांश अपूर्णांकांचा धडा अजून दोन महिने लांब होता.

औटावरून आठवलं. संतांच्या भाषेत देह औट हातांचा, साडेतीन हातांचा. मग मोजायचाच. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. प्रत्येकाने आपली उंची आपल्याच हाताने मोजायची. भिंतीला टेकून उभी राहिलेली पोरं, जमिनीवर आडवी झालेली पोरं, तास संपेपर्यंत गोंधळ. बहुतेकांचं उत्तर साडेतीन आणि चार ह्यांच्या मधे आलं. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा खट्टू झाला. त्याला वाटलं होतं आपण पाच तरी भरू. ‘‘पण तुझा हातही लांब आहे ना,’’ असं शेजारची म्हणाली आणि गुणोत्तराचा धडा तिने तिथेच सुरू केला.

भाषा नेहमी मदतच करते असंही नाही. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी लिहायचे. लहान मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं ते ह्यामुळे. एकोणसाठला ६९ लिहिणारी तर पाचवीतही भेटतात, कारण कानाला साठ ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष तेव्हा मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितज्ञ. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की जोडाक्षरांच्या संख्यानामांनी मुलं गोंधळतात, त्यांना सोपी वाट असावी. माझा स्वतःचा निवाडा मधला आहे. पंचवीस सोडायला मी तयार नाही, पण शिकवताना ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच’ असं शंभरदा म्हणते. आणि एकोणसाठ उलगडून दाखवते: एक उणे साठ. पावणेतीन म्हणजे पाव उणे तीन, तसंच. एकदा हे कळलं की मुलं ‘एकोणशंभर’ असे शब्द स्वतः बनवतात. व्याकरणाच्या बाईंना ते आवडत नाही.

पण सराव? सरावाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. हातवळणीची आकडेमोड झालीच पाहिजे. माझं इतकंच म्हणणं आहे की ती कुठल्यातरी उत्सुकतेच्या पोटात लपवता येते. ह्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेला माणूस आपल्याच भागातला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, शाळाही त्यांनी ठाण्यात केली. पुढे आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. कुठल्याही विद्यापीठात पद नाही, आणि तरी जगभर त्यांच्या नावाचा एक आकडा आहे: ६१७४.

खेळ असा. रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक घ्या. एमएच-४३ चालेल, एमएच-०४ चालेल. ते अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच. समजा २७१९. ९७२१ वजा १२७९, आले ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. आता त्याचं करून पाहा: ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. चारही अंक सारखे नसले तर कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे येऊन थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये शोधलं.

छप्पन्न मुलं, प्रत्येकी सरासरी चार-पाच वजाबाक्या, त्याही हातच्यांच्या, आणि एकानेही ‘बाई, किती राहिल्या?’ विचारलं नाही. उलट ज्याचा नंबर सात पायऱ्या गेला तो मिरवत होता. मधे चूक झाली तरी पुढे बहुधा ६१७४ येतंच, पण बऱ्याचशा चुका पकडायला मी लागत नाही. त्यासाठी एक चोरवाट आहे: प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत यायलाच हवी. का? अंक उलटसुलट केले तरी त्यांची बेरीज तीच राहते, म्हणून दोन्ही संख्यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते, आणि वजाबाकीत ती बाकी उडून जाते. हे सातवीला समजतं. पाचवीला जादू म्हणून पुरतं.

एका मुलाच्या मामाच्या गाडीचा नंबर चार सत्ते, ७७७७. त्याचं उत्तर पहिल्याच फटक्यात शून्य. मामाने त्या नंबरसाठी जादा पैसे मोजले होते म्हणे. आणखी एक मुलगी २१११ घेऊन अडली: वजाबाकी ९९९, तीनच अंक, पुढे काय? कोणी म्हणालं ९९९ वजा ९९९. कोणी म्हणालं खेळ संपला. बरंच डोकं खाजवल्यावर उत्तर निघालं, पुढे शून्य लिहायचं, ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, आणि गाडी पुन्हा रुळावर. शून्याला ‘किंमत नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. त्या दिवसानंतर निदान त्या वर्गात म्हणता येत नाही.

कापरेकरांच्या डोंबिवलीच्या गोष्टीशिवाय त्यांच्यावरून पुढे जाववत नाही. जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या ज्या स्टेशनाजवळ त्यांना १२१, १२३२१ अशा संख्यांचा विचार सुचला त्याचं तेव्हाचं नाव डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली, म्हणून त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. उभी मांडणी करून गुणाकार केला की एकेकांचा जिना दिसतो आणि बेरीज तशी का येते ते न सांगता कळतं. नऊ एकांपर्यंत जिना नीट चढतो-उतरतो, दहाव्याला हातचा येऊन मधली पायरी ढासळते. डोंबिवलीची लोकल ह्या मुलांनी शंभरदा पाहिलेली असते.

आता माझ्या फजितीची गोष्ट, नाहीतर वाटेल सगळं जमतंच. काही वर्षांपूर्वी ‘कृतीतून वेळ’ म्हणून मी पुठ्ठ्याची घड्याळं करून घेतली. तीन तास लागले. कापणं, रंगवणं, चमकी लावणं, काट्यांना टाचण्या. वर्ग खूश, फोटो निघाले, साहेबांनी शेरा दिला. चौथ्या दिवशी मी पावणेचार लावायला सांगितलं, तर बहुतेकांचा तासकाटा थेट चारवर, काहींचा तीनवर. तीन आणि चारच्या मधे, चारच्या जवळ, असा क्वचितच कोणाचा. तीन तासांत मुलं गोंद शिकली होती. सगळ्यात सुंदर घड्याळ वर्गाबाहेरच्या फलकावर वर्षभर टांगलेलं होतं आणि वर्षभर ते पावणेचार चुकीचे दाखवत होतं. तेव्हापासून एक साधी चाळणी लावते: ह्या कृतीत मुलाने कुठल्या क्षणी डोकं लढवलं? तो क्षण दाखवता आला नाही तर ती हस्तकला. हस्तकलेचा वेगळा तास असतो.

आणि हे रोज जमत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, छप्पन्न मुलं, वर परीक्षा. दहातले तीन तास असे, बाकीचे पुस्तक, फळा, वही. पाढे मी पाठ करून घेते, ह्यावर काही प्रशिक्षकांशी माझे वाद झाले आहेत. डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. सात आठे छप्पन्न बोटांवर मोजत बसलं की मूळ प्रश्नच निसटतो. फक्त घड्याळ लावून, उभं करून, चारचौघांत पाढे विचारणं मी बंद केलं, कारण घाबरलेल्याला येत असलेलंही आठवत नाही. आणि सात आठे विसरलं तर परत जाता यावं म्हणून दोऱ्या देते: पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, छप्पन्न. रोज पहिली पाच मिनिटं एकच तोंडी गुणाकार, कागद नाही, आणि उत्तरापेक्षा ‘कसं काढलंस?’ ह्यालाच महत्त्व. १८ गुणिले ५. एक म्हणतो, दहापट एकशेऐंशी, निम्मे नव्वद. दुसरी, वीस पंचे शंभर, त्यातून दहा गेले. तिसरा, अठरातले निम्मे नऊ, पाचाचे दुप्पट दहा, नऊ दाहे नव्वद. भाजीच्या गाडीवरचा तो मुलगा ह्या पाच मिनिटांत राजा असतो. पुढे महिनाभराने चाचणीत त्याने उदाहरणाच्या कडेला पेन्सिलने बारीक लिहिलेलं मला दिसलं: ‘बारा रु. पाव’.

घरी काय करायचं, असं पालक विचारतात. उत्तर बरोबर आलं तरीही ‘कसं काढलंस?’ विचारा आणि मग गप्प बसा. शिरा करताना, गॅसचं बिल आल्यावर, लोकलची वाट बघताना. एवढं पुरे, घरी दुसरी शाळा नको.

त्या रिक्षावाल्या दादांचा दिवाळीनंतर एकदा रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप आला. रिक्षाच्या हिशेबाच्या डायरीचं पान, त्यावर स्वतःच्याच रिक्षाचा नंबर आणि खाली पहिलीच वजाबाकी. ९९९ वर गाडी थांबलेली. खाली लिहिलं होतं, ‘बाई, पुढे जात नाही.’ मी उत्तर टाइप करत होते तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

‘राहू दे. पोराने सांगितलं, पुढे शून्य लिहा पप्पा.’